नमुने

सरांनी सांगितलंय, माणसं मोजत बसू नका, नमुने शोधा.
म्हणून धाकट्या भावाची नात, स्वरांजली,
विट्याच्या स्टँडसमोर माझ्याशेजारी पायरीवर
वही उघडून बसली आहे.
एक माणूस धरायचा, म्हणते, आणि त्याच्यात शंभर बघायचे.
मी म्हटलं, नमुने? विट्यात?
पोतं आण.

तो बघ, अकॅडमीचा. वय एकतीस,
पिशवीत चालू घडामोडी,
गावाकडं विचारलं की 'निकाल लागायचाय'.
ती स्कूटीवरची, बचत गटाची अध्यक्ष,
आता नवऱ्याची सही तीच ठोकते,
पूर्वी उलटं होतं.
आणि तो कडक इस्त्रीतला, कानाला फोन, साहेबांचा माणूस.
साहेब बदलतात, इस्त्री तीच.
पलीकडं कुणी नसतं, लिही.

तिनं लिहिलं.
मग पेन माझ्याकडं वळवलं. "आणि तुम्ही, आबा?"

मी गलाईवाला. आपल्याकडं घरटी एक.
सोळाव्या वर्षी सेलमला गेलो, छत्तीस वर्षं भट्टीपुढं.
तिथं मला 'मराठी' म्हणत, नुसतं मराठी, जणू बारशाचं नाव.
इथं जत्रेला आलो की 'सेलमवाले आले'.
पण सोनं माझ्याच हातात देत.
ज्याचं गावात भाऊबंद नाही
त्याच्या ताजव्याला भीड नाही.

हे तिला फार आवडलं. खाली दोन रेघा मारल्या.

त्या रेघा बघून मला ती म्हातारी आठवली.
कानातलं घेऊन आलेली. एकच.
दुसरं कुठंय, मी विचारलं नाही.
मुशीत टाकलं, टाकणखार, मग तेजाब,
दोन ग्रॅम तीनशे मिली. कस बरोबर सांगितला,
एक गुंज इकडची तिकडं नाही.
सोनं राहिलं.
कान गेला.

"हे कुठल्या नमुन्यात घालू?"
मी काय सांगणार. सातवी नापास.

तेवढ्यात आटपाडी गाडी लागली, धूळ उठली,
आणि साहेबांचा माणूस आमच्या पुढ्यातच
तोंडावर हात धरून फोनमध्ये हळू म्हणाला,
"जेवलीस का गं? नाही... आधी गोळी घे, मग जेव."

स्वरांजलीनं खोडायला पेन टेकवलं.
राहू दे, म्हटलं.
आम्ही भट्टीची राखसुद्धा टाकत नव्हतो.
पोत्यात भरून ठेवायचो,
सवड मिळाली की
पाण्यात धुवायचो.