उसंत

फोर्तुनाता आल्यका शुक्रवारी रात्री खाली आली.
पुकारुमीपासून ठाण्यापर्यंत चार तासांची उतरण,
पाठीशी धाकटं, हाताला थोरली,
उजवा डोळा मिटलेला,
बर्फात ठेवून काळा पडलेल्या बटाट्यासारखा.

टेबलावर बारिएंतोस होता.
म्हणाला, सोमवारी या, दाखला देणारा डॉक्टर सोमवारी असतो.
वाईट माणूस नाही तो.
त्यानं तिला कोकाचा चहा दिला, बाकावर घोंगडी टाकून दिली,
पण सोमवारी या म्हणाला,
जशी काही सूजही कचेरीची वेळ पाळते.

सोमवारी मी होते.
तोवर निळ्याचं पिवळं झालं होतं.
डॉक्टरनं पट्टी लावून मोजलं,
बरगडीवर दोन बोटं दाबली,
लिहिलं: सात दिवस विश्रांती.

कायद्याला आकडा लागतो.
बाई किती दिवस कामाला उठू शकणार नाही
त्यावरून ठरतं, नवऱ्यानं किती मारलं.
सात म्हणजे थोडकं.
दहाच्या वर गेलं असतं
तर फाइल दुसऱ्या कपाटात गेली असती.

मला क्वेचुआ येते, लहानपणची, मोडकी,
म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे.
विश्रांतीला तिच्या भाषेत शब्द आहे समाय,
आणि श्वासालाही तोच.
ज्यांना श्वास घ्यायला उसंत नाही
त्यांनी दोन्हींत मिळून एकच ठेवला असावा.
मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात, सात दिवस समाय.
ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.
मग विचारलं,
आणि आठव्या दिवशी?

आयाकूचोत सरकारी निवारा आहे.
गरम पाणी, आतून कडी, दोन मुलांपुरती जागा.
तिला चार. आणि एकोणीस अल्पाका.
त्यांना कुठे ठेवता, तिनं विचारलं.
अर्जात तसा रकाना नव्हता.

न्यायाधीशबाईंचा हुकूम आला: दोनशे मीटरच्या आत फिरकायचं नाही.
पुकारुमीत दोनशे मीटरच्या आत
झरा आहे, गोठा आहे
आणि सासूचं दार.
झेनोन आला, टोपी काढली,
माझंच पेन मागून सही केली,
पेन परत दिलं.

महिन्यातून एकदा वर जाऊन बघायचं असतं.
गाडीच्या दारावर मंत्रालयाचा नवा शिक्का आहे,
टाकीत पेट्रोल नाही.
मार्चमध्ये गेले नाही.
एप्रिलच्या भेटीची नोंद
मी टेबलाशी बसूनच केली.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यात मास्तरांची मोटारसायकल मागून घेतली.
दार लोटलेलं, चूल गार.
पोटात गोळा आला.
गोठ्यामागे एका दगडावर ती बसली होती,
हात मांडीवर, चाती बाजूला पडलेली,
काही म्हणजे काही करत नव्हती.

फोर्तुनाता! मी ओरडलेच. काय झालं?
काही नाही, म्हणाली. आज तिसरा.
तिसरा काय?
डॉक्टरचा दिवस.
सगळे एकदम कसे घेऊ, जनावरं कोण वळणार?
तो खाणीवर असला की
एखादा घेते.
चार उरलेत.

डॉक्टरचा कागद तिनं सातूच्या डब्यात जपलाय.
न्यायाधीशबाईंचा कुठे आहे, तिला आठवेना.
ती दगडावर जरा सरकली.
मी हेल्मेट काढून बसले.
गोठ्याच्या गडग्यावरून एकोणीस माना
आमच्याकडे बघत होत्या.

नोंदीत एक ओळ भरायची असते:
पीडित महिला कोणत्या अवस्थेत आढळली.
मी लिहिलं, बसलेली.
बारिएंतोस म्हणाला, एवढंच? असं चालत नाही.

तो दिवस बुधवार होता.
खाणीची बस शनिवारी येते.