तळटीप

इशबेलच्या निबंधात, पान सहावर,
तागाच्या गिरणीला आग लागते १८७८ साली.
लागली होती १८८७ साली.
आकडे उलटे झाले ते माझ्या हातून,
वीस वर्षांपूर्वी, माझ्या प्रबंधात.
पोरीनं वाक्य उचललं ते चुकीसकट;
कुणाचा कोट ढापावा
आणि खिशात निघावा त्याच्याच नावाचा रुमाल.

डंडीत चारलाच अंधारतं.
दिवा लावते. समासात लिहिते लाल शाईनं:
कुठून घेतलंस?

आणि आठवते एफी,
दफ्तरखान्यातली,
फ्लास्कमधला अर्धा चहा मला देत
जिनं सांगितली होती ती आग,
पणजीच्या भाजलेल्या हातांसकट.

माझ्या प्रबंधात तळटिपा तीनशे बारा.
एफी एकीतही नाही.

पेनाला टोपण लावते.
पुन्हा काढते.