बैठकीची खोली

मुलानं जाताना दोन स्पीकर लावून दिले,
एक स्वयंपाकघरात, एक बैठकीत,
म्हणाला, आई, आता वायरीची भानगड नाही,
कॉम्प्युटरवरून सोडायचं, हवेतून जातं.
योएन्सूच्या फेब्रुवारीत हवेतून फक्त थंडी जाते,
हे मी त्याला सांगितलं नाही. गाडीची वेळ झाली होती.

माझं काम जुन्या टेपा ऐकून लिहून काढायचं.
साठी उलटली, हेडफोननं कान ठणकतात,
म्हणून ठरवलं, ओउतीला आता घरात मोकळं सोडू.
ओउती म्हणजे टेप एकशे बारा, बाजू दुसरी.
सरहद्द सरकली तेव्हा गाव पलीकडे राहिलेली बाई,
रेकॉर्ड केली तेव्हा वय एकोणऐंशी,
मागे भांड्यांचा आवाज, घड्याळ,
आणि मध्येच कुणीतरी शिंकतं.

पडद्यावर यादी आली. बैठकीची खोली.
त्याखाली पुन्हा, बैठकीची खोली.
मला वाटलं, यंत्र अडखळलं असेल,
माणसं अडखळतात तसं.
खालचं दाबलं.

बैठकीत काहीच नाही.
पडद्यावर मात्र पट्टी पुढे सरकत होती,
म्हणजे ओउती बोलत होती, कुठेतरी.
आवाज वाढवला. आणखी वाढवला. शंभरावर नेला.
स्पीकर उचलून उलटा करून पाहिला,
झोपलेल्या मांजराचं पोट पाहावं तसा.

दहा मिनिटांनी दारावर टकटक.
खालचा पुहाक्का. वेइक्को पुहाक्का.
अकरा वर्षं जिन्यात भेटतो, मान हलवतो,
मीही हलवते,
दोघांच्याही तोंडात मिठाची गुळणी.
सोसायटीचं वायफाय एक आहे
एवढंच काय ते आमच्यात सामाईक.
त्याच्या एकाच पायात मोजा होता.

"माझ्या बैठकीत एक बाई बोलतेय," तो म्हणाला,
"मासे खारवायचे कसे ते सांगतेय."
मी म्हटलं, माफ करा, चुकून
"ते नव्हे. मीठ कमी सांगतेय ती."

दार उघडंच. जिन्यातली थंडी आत येत होती.
मी म्हटलं, तिथे टेप खरखरते,
मूठ म्हणाली असेल, मला चिमूट ऐकू आलं.
आणि पुढे एक शब्द आहे,
तीन दिवस झाले, तिथे नुसतं प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय.
त्यानं शब्द म्हणून दाखवला.
अगदी ओउतीसारखा, शेवट जरा खाली दाबून.

"झाकणावर ठेवायचा दगड," तो म्हणाला,
"माशांनी आपलंच पाणी सोडावं म्हणून.
घर सोडताना आमच्या आईनं तो घेतला.
पिंप तिथेच राहिलं."
मग जरा वेळानं,
"बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटतं ना,
त्याला लावलाय."
आणि पायाकडे बघून, बहुधा मोज्यासाठी, खाली गेला.

प्रश्नचिन्ह पुसलं. शब्द लिहिला.
कंसात लिहिलं, दगड.
तळटीप द्यावी असं वाटलं, पण
पिंप राहिलं आणि दगड आला,
हे तळटिपेत कसं लिहायचं?

मुलगा फोनवर म्हणतो, नावं बदल ना एकाचं,
दोन मिनिटांचं काम आहे.
बदलते, म्हणते.
रोज दहा वाजता दोन्ही बैठकी निवडते.
त्याचा स्पीकर नवा, माझा जरा रेंगाळतो,
त्यामुळे ओउती आधी खाली बोलते,
दोन सेकंदांनी माझ्याकडे येते,
जिना चढून आल्यासारखी, तेच सांगत.

आज शिंकेपर्यंत पोचलो.
कोण शिंकलं ते आता कुणालाच माहीत नाही,
ते माणूस उरलेलंही नसणार.
शिंक आधी खाली झाली, मग वर.
आणि मग, टेपेत नसलेला,
फरशीतून पुहाक्काचा जाडा आवाज,
"तब्येत सांभाळ."