नाक धरून

गुरुवारी लाझारोसला एकोणसाठ पूर्ण होणार होती.
विजेच्या बिलामागे मी यादी केली,
पाच नावं, त्यातल्या एकावर कॉफी सांडलेली
आणि म्हणून तेच सारखं नजरेत भरणारं.

एरवी हा प्रश्न इतका अवघड नव्हता.
थेसालोनिकीत उपाशी राहायचं
तर माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.
पण फेब्रुवारीतल्या तापानं
त्याच्या नाकातून अख्खं शहर काढून नेलं:
बंदरावरचं डिझेल, तीळ लावलेली गरम पावाची कडी,
माझ्या आईच्या कपाटातला कापूर,
मी.

तो तक्रार करत नाही.
सूप प्यायला की म्हणतो, गरम आहे.
मासा खाल्ला की म्हणतो, मऊ आहे.
चीज खाताना एकदा म्हणाला, वहीचा पुठ्ठा,
मग माझा चेहरा बघून: चांगल्या वहीचा.
मे महिन्यात दूध करपून पातेलं काळं झालं,
तो शेजारीच बसून शब्दकोडं सोडवत होता.

त्याची बहीण फोतिनी, नाकानं कांदे सोलणारी,
म्हणाली, लादादिकातलं ते पांढऱ्या टेबलक्लॉथचं बघ,
आमच्या ह्यांची पन्नाशी तिथंच केली.
गेले. वेटरनं ग्लासात वाइन फिरवली
आणि बोलू लागला: आधी ओल्या दगडाचा गंध,
मागून अंजीर, अगदी शेवटी तंबाखू.
लाझारोसला मी मनातल्या मनात
समोरच्या खुर्चीत बसवून पाहिलं.
कोट चढवला, आभार मानले, निघाले.

कालामारियातलं आमचं नेहमीचं,
जिथं अठरा वाढदिवस झाले,
ते मीच खोडलं.
तिथं त्याला सगळं आठवलं असतं
आणि तो म्हणाला असता, छान आहे.

मग ठरवलं,
परीक्षा घ्यायची तर नाकही त्याच्याएवढंच हवं.
सोमवारी वरच्या गावात, चढ चढून,
एका खानावळीत कोकराचं मटण मागवलं,
दोन बोटांनी नाक दाबलं, घास घेतला.
काही नाही. कोमट, तेलकट, लोकरीसारखं.
मालकीण आतून धावत आली,
बाई, आज सकाळचं आहे, माझ्या लेकाची शपथ!
काय सांगणार तिला. दुप्पट टिप ठेवली,
त्यानं तिचा संशय आणखीच वाढला.

मंगळवारी बंदराजवळ शिंपल्या. रबर.
बुधवारी, बाजाराच्या मागच्या बोळात,
जिथं टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी लागते
आणि कोणी कुणाशी हळू बोलत नाही,
तळलेली बारीक मासळी, डोक्यासकट,
दाताखाली कडाकडा मोडणारी.
बर्फगार त्सिपुरो. लिंबू.
आणि भाजलेल्या लांब मिरच्या,
पाच अगदी गरीब, सहावी
माणसाला स्वतःचं नाव विसरायला लावणारी.
नाक दाबूनच होते. तरी डोळ्यांतून पाणी आलं.
बिलाचा कागद चुरगळून तिथंच टाकला
(बिल भरायचं राहिलं, ते नंतर कळलं).

गुरुवारी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला.
बोळात शिरताना म्हणाला, इथं?
मी म्हटलं, इथं.
पाणी घेऊन आलेला पोऱ्या मला बघून थबकला
आणि साऱ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं ओरडला,
काका, त्या नाक धरून जेवणाऱ्या बाई आल्या!

लाझारोसनं माझ्याकडे पाहिलं.
तीस वर्षं वेल्डिंग केलेले डोळे,
उजेडाकडे सरळ न बघण्याची सवय असलेले.
विचारलं काहीच नाही.
एक मासळी उचलली, कडकन मोडली.
दुसरी. तिसरी जरा सावकाश, ऐकत ऐकत.
मिरची लागली तेव्हा शिवी हासडली,
किती महिन्यांनी, मोजावंच लागेल.

मग टेबलावरून हात लांब करून
माझं नाक चिमटीत धरलं, घट्ट,
आणि दुसऱ्या हातानं बशी पुढे सरकवली.
घे, म्हणाला,
ही बहुतेक सहावी आहे.