अर्जाचा विषय

तहसीलच्या मागे, पानठेल्याला लागून
आमचं सेतू केंद्र. तिथे मी बसते.
सात-बारा, जातीचा दाखला, घरकुल,
मेलेल्याच्या नावावरून जित्याच्या नावावर करायची विहीर.
जवळजवळ प्रत्येक दुःखाचा एक नमुना असतो इथे,
आणि नमुन्याचे वीस रुपये.

भावासाठी कोणता नमुना, ते सापडत नव्हतं.

खेमराज क्लॅरनेट वाजवतो. म्हणजे वाजवायचा.
झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागला की
रात्रभर मंडपात, पहाटे मोहाच्या वासासकट घरी.
आधी वास हंगामापुरता होता,
मग रोवणीच्या दिवसांतही यायला लागला.
मग बोटांना असं कापरं भरलं
की वाद्याची छिद्रं त्याची त्यालाच सापडेनात.
"भिताडात कोनी बोलून राह्यलं," म्हणाला एका रात्री
आणि कान लावून बसला,
सूर जुळवताना बसायचा तसाच.

आईने लिंबू आणलं, उतरवून.
मामाने कुठूनशी पुडी, चहातून द्यायची, त्याला न सांगता.
काका म्हणाले, लगन करून द्या, सुधरते.
सरपंच म्हणाले, नागपूरले पागलखान्यात नका टाकू बापा,
गावाचं नाव खराब होते.
इलाज सगळ्यांकडे होता.
पत्ता कोणाकडेच नव्हता.

शोधणं तर माझं काम.
योजनांच्या यादीत शेळ्या मिळाल्या, पंप मिळाले,
ताडपत्रीही मिळाली.
शेवटी आशाताई निर्गुणाच्या वहीत,
डोस पाजलेल्या लेकरांच्या यादीमागे, पेन्सिलीनं:
एक चार चार एक सहा.
"बाकीचे आकडे?" मी विचारलं.
"एवढाच आहे व. लाव तं खरं."

रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर.
रात्री अकराला चढले. आधार, रेशन कार्ड,
त्याची जन्मतारीख, सगळं चिठ्ठीवर तयार.
पलीकडच्या बाईंनी यातलं काही विचारलं नाही.
म्हणाल्या, "तुम्ही कशा आहात?"
मी म्हटलं, मॅडम, अर्जदार मी नाही.
"ते कळलं. जेवलात का?"
त्यावर मला जे रडू आलं, त्याचा नमुना नाही.
मग त्या बोलल्या, हळू, लिहून घेता येईल असं:
दारू एका दिवसात तोडायला लावू नका, झटके येऊ शकतात.
कोंडू नका. चोरून औषध देऊ नका.
भिंतीतल्या आवाजावरून भांडू नका, त्याला तो ऐकू येतो.
जिल्ह्याच्या दवाखान्यात आणा. उद्याच.

पहिल्या गाडीने भंडारा.
तो खिडकीशी, कपाळ काचेला टेकवून;
साकोलीपर्यंत एक शब्द नाही,
मग म्हणाला, "मले तिथं ठेवशील काय तू?"
"नाही." आणि मनात: माहीत नाही.

केसपेपरच्या रांगेत आमच्यापुढे
डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस,
सोबत वीसेक वर्षांची मुलगी,
बापाच्या मुठीत तिचं मनगट.
वळला, तर आमचेच सरपंच.
आम्ही एकमेकांच्या चपला पाहिल्या.
खिडकीतून विचारलं, "तक्रार काय?"
त्यांना सांगता येईना. मीच म्हटलं,
"तेच लिहा, जे आमचं आहे."
कारकुनाने मान वर न करता लिहिलं.
त्याला बहुधा रोजचंच होतं.

बरा झाला, असं मी म्हणणार नाही.
गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, दिवसा झोपतो.
पोळ्याला प्याला. तान्हा पोळ्यालाही.
आईने पुन्हा लिंबू काढलं.

माझ्या टेबलाच्या काचेखाली आता
तो पाच आकडी नंबर आहे, बाकी काही नाही.
काल उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली एक बाई
तो हातावर उतरवून गेली, मेंदीसारखा, मूठ झाकून.
मी पैसे फक्त दाखल्याचे घेतले.

आणि मंगळवारी पहाटे अंगणात खडखड झाली.
खेमराज एकटाच निघाला होता गाडीला,
काखेत क्लॅरनेटचा डबा.
"वाजवाले चालला का गा?" आईने विचारलं.
त्याने डबा उघडून दाखवला:
आत नुसता केसपेपर, घडी न मोडलेला.