आडवा-उभा छेद

रंकाळ्यावर भडंगाची पुडी संपत आली
आणि तळाशी, तेलाच्या डागात,
एक ओळखीचा आकडा दिसला.
चार लाख बारा हजार सहाशे चाळीस.
वर अर्धं नाव : ...गडू आप्पा सातपु...
खाली सही. माझीच.

भडंग तिखट होतं, डोळ्यांत पाणी त्यामुळंच आलं असावं.
किलोला चौदा रुपयांनी
मी माणसं विकली होती रद्दीवाल्याला,
सुतळीनं बांधून, वर काटा नीट धर म्हणून भांडून.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरी, तिसरी गल्ली.
इंगवल्यांचा पोरगा काउंटरवरून उडी मारूनच बाहेर आला.
"ही साधी बघा मॅडम, उभ्या पट्ट्या पाडते. स्वस्त.
ही आडवं-उभं दोन्ही कापते,
पिना खाते, जुनं एटीएम कार्डबी खाते.
आन् ती थोरली बँकवाल्यांची. तुम्हाला कशाला?
घरात काय एवढं गुपित असतंय?"

"मी मंगळवार पेठेत बसतो," मी म्हणाले
(आमच्याकडं बायका 'बसतो'च म्हणतात,
परगावच्यांनी दचकू नये),
"मागच्या खोलीत. तिथं दीडशे घरं कपाटात असतात."
कुणाचं सोनतारण.
कुणी भावाला न सांगता घेतलेला कळंब्याचा प्लॉट.
हुपरीच्या एका कारागिराचं घटत गेलेलं वजन,
चांदीचं, आणि कर्जाच्या अर्जासोबतच्या दाखल्यात त्याचंही.

साध्या मशीनच्या डब्यात हात घातला.
तीन पट्ट्या काचेवर शेजारी शेजारी लावल्या,
चौथी शोधली,
आणि कुणाचं तरी थकलेलं लाइट बिल
उठून बसलं.
पोरगा बघत राहिला. "पोलिसात हाय काय मॅडम?"
"नाही. रिटर्न भरतो."

मग आडवं-उभं घेतलं. नऊ हजार दोनशे, घासाघीस करून.
एका वेळी आठ कागद. आवाज मिक्सरएवढा.
"तीन मिनिटं चालवायची
मग अर्धा तास गार होऊ द्यायची, ते तेवढं बघा."
अर्धा तास! गंगावेशीतल्या पैलवानाला
कुणी एवढी विश्रांती देत नाही.

पण त्या अर्ध्या तासाचं काय करायचं
हे पत्रकात कुठंच छापलेलं नव्हतं.
तीन मिनिटांत दोन हजार नऊची फाईल गेली
आणि लाल दिवा लागला.
मी दहाची मांडीवर घेऊन बसले
आणि, काय करणार, वाचत गेले.
पायताण चोवीस जोड, उधार.
पायताण सहा जोड, परत, अंगठा तुटला.
एका पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं : पोरीची फी १५ ला.
समासात माझं अक्षर, तेव्हाचं, गोल गोल,
"खर्च दाखवता येणार नाही."

दिवा हिरवा झाला. घातली.

असं आठवडाभर.
तीन मिनिटं कापायचं, तीस मिनिटं वाचायचं.
नवरा म्हणाला, हाताने फाडलं असतंस तर लवकर झालं असतं.

शनिवारी सातपुते आले, सुभाषनगरहून, तिमाहीचं घेऊन.
कोपऱ्यातल्या चार पोत्यांत हात घालून म्हणाले,
"बाई, हे मऊ कुरकुरीत काय हाय?
फेकू नका. खोक्यात भराय लागतंय मला,
चपलेच्या पंज्यात कोंबायला. कुरिअरात दबत्यात."
"न्या की."
"ह्यात माझाबी आकडा असंल."
"असंल. हुडका."

ते हसले. पोती स्कूटरला बांधली,
दोन पुढं, दोन मागं.
भडंगाचं सांगायचं होतं त्यांना.
तोंडापर्यंत आलं होतं.
"सुतळी घट्ट बांधा," एवढंच म्हणाले,
"वाटेत सांडंल."