मुंग्या

"एक तारखेपासून डबा नाही त्याला चित्र नाही,"
हे मीच टाइप केलं, खालच्या पट्टीवर,
"गुरुवारी पाणी येणार नाही"च्या शेजारी.

दत्तवाडीत पोटमाळ्यावर होतं आमचं चॅनेल.
एक व्हीसीडी प्लेअर, एक मॉड्युलेटर,
टेबलफॅन मॉड्युलेटरसाठी,
आम्हाला नाही.
रणपिसे काका बातम्या वाचायचे
इस्त्रीच्या शर्टात, खाली लेंगा.
चोरीला गेलेली सायकल, सातवीतल्या चिन्मयीचा वाढदिवस,
आणि सलग नऊ दिवस:
सापडला आहे किल्ल्यांचा जुडगा,
ओळख पटवून घेऊन जाणे.

जनता वसाहतीच्या वरच्या अंगाला
वायर चढता चढता दमायची.
तिथे काकांचे दोन काका व्हायचे,
एक बोलणारा,
एक त्याच्यामागे ओठ हलवणारा.
तोंडभर मुंग्या.
फोन यायचे: दिसत नाही ओ नीट,
पण कळतंय.

कंपनीचा पोरगा म्हणाला, आता मुंग्या बंद.
दिसलं तर लख्ख, नाहीतर निळं.
मधलं काही नाही.
मग त्यानं आमच्या चॅनेलच्या जागेचं भाडं सांगितलं.
काकांनी दोनदा विचारलं,
महिन्याचं की वर्षाचं?

रात्री बाराला मी पिन उपसली.
फॅन फिरत राहिला.

परवा वर गेलो, जुनी वायर गुंडाळायला.
सुगंधाबाई दारातून म्हणाल्या,
त्या किल्ल्या कुणाच्या होत्या रे, कळलं का?

नाही म्हटलं.
खिशात हात होता,
तो तसाच राहू दिला.